आधी नाव नीट लिहा

(जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांच्या प्रश्नांना निवृत्त सुभेदार उत्तरं देतात ते मासिक सदर)

या सदरात एरवी पेन्शनमधला फरक, कॅन्टीनचं कार्ड, पोराला भरतीसाठी पळायला कधीपासून लावायचं, असे प्रश्न येतात. या महिन्यात मात्र पाच पत्रं एकाच गोष्टीची आली. आपल्या वस्तीतला, आपल्या गावचा माणूस देशासाठी गेला, त्याची आठवण कशी ठेवायची? म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला काढली आहेत.

मी १९८३ साली कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून आलो आणि सव्वीस वर्षांनी सुभेदार होऊन बाहेर पडलो. मधली काही वर्षं सेंटरलाच होतो. त्या काळात विदर्भातल्या गावागावांत तिरंग्यातल्या पेट्यांबरोबर सलामी गार्ड घेऊन जाण्याचं काम माझ्याकडे आलं. पलटण कुठलीही असो, जवळच्या ठाण्यातून गार्ड जातो. पुढं जे लिहिलं आहे ते त्या दारांत उभं राहून पाहिलेलं आहे.

पत्र पहिलं : मानेवाडा, नागपूर

*आमच्या लेआउटमधला सत्तावीस वर्षांचा मुलगा सियाचीनच्या चौकीवर बर्फ कोसळून गेला. कृती समितीनं त्याचं स्मारक करायचं ठरवलं आहे. पण बैठकीत दोन तट पडले. काही जण म्हणतात, तो गोळी लागून गेला नाही, मग ‘शहीद’ कसं लिहायचं? दुसरं, पुतळा चौकात बसवावा की बगीच्यात? स्मारक तिरंग्यानं झाकून पाहुण्यांच्या हस्ते अनावरण करायचा विचार आहे. पाटीवरचा मजकूरही सुचवावा. — सचिव, नागरिक कृती समिती*

सचिवसाहेब, आधी गोळीचं बोलतो. तुमच्या बैठकीतलं ते वाक्य फिरत फिरत त्या पोराच्या आईच्या कानावर गेलं असेल तर तिला काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून दोन दिवस गेला नाही.

सियाचीनवर आपलं सैन्य १३ एप्रिल १९८४ ला चढलं. ‘ऑपरेशन मेघदूत’. तेव्हापासून तिथं गोळीपेक्षा थंडीनं, उंचीनं आणि कोसळणाऱ्या बर्फानं जास्त माणसं नेली. मी तिथं तीन महिने काढले आहेत. मे महिन्यात आपण मानेवाड्यात पंचेचाळीस डिग्रीत कूलरपुढे बसतो, तिथं हिवाळ्यात पारा उणे पन्नासपर्यंत उतरतो. रेशनमध्ये एकदा संत्री आली होती. नागपूरची होती की नाही कोण जाणे, पण मी तसंच मानलं. दगडावर आपटलं तरी संत्रं फुटेना. शेवटी स्टोव्हजवळ ठेवून, वितळवून, चौघांनी एकेक फोड खाल्ली.

३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखाली जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात गेले. त्या दहापैकी एकालाही गोळी लागलेली नव्हती. ज्यांना तुमच्या पोराच्या पाटीवरून शंका आहे त्यांनी हे दहा जण आठवावेत. जवान चौकी निवडत नाही आणि मरण कशानं यावं तेही निवडत नाही. हुकूम आला, तो वर गेला, तिथं उभा राहिला.

आता ‘शहीद’ या शब्दाचं. सैन्याच्या कागदात हा शब्द नाही. सरकारनं संसदेतसुद्धा हे सांगितलेलं आहे. कागदावर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ असे प्रकार असतात. तुमच्या पोराची नोंद कशी झाली ते त्याच्या पलटणीनं घरी पाठवलेल्या पत्रात असेल. ते पत्र पेन्शनीसाठी आणि मदतीसाठी महत्त्वाचं आहे, त्याच्या चार प्रती काढून ठेवायला घरच्यांना सांगा. स्मारकाच्या पाटीला मात्र त्या कागदाचं बंधन नाही. आपल्या मराठीत ‘वीरमरण’ हा चांगला, स्वच्छ शब्द आहे. ‘सियाचीन इथे कर्तव्यावर असताना वीरमरण’ असं लिहा. ते खरं आहे आणि त्यावर भांडायला कुणाला जागा नाही.

पण साहेब, तुमच्या पत्रात त्याचं नाव तीनदा आलं आहे आणि तीनही वेळा वेगळं. एकदा आडनावात ‘ळ’, एकदा ‘ल’, एकदा वडिलांचं नावच नाही. शब्दावर तीन बैठका घेण्याआधी हे नाव एकदा बसून ठरवा.

याचं कारण सांगतो. १९९९ च्या जून-जुलैमध्ये मी कामठीला हवालदार होतो. त्याआधी, पासष्ट-एकाहत्तरच्या लढायांत, जवान जिथं पडला तिथंच बहुतेक वेळा अग्नी दिला जायचा. घरी तार यायची, मागाहून काळी ट्रंक. कारगिलच्या वेळी शवपेट्या घरापर्यंत आल्या. सोनेगावच्या विमानतळावर पेटी उतरायची, फुलांनी मढवलेल्या ट्रकमध्ये चढायची, आणि पुढं वाटेवरच्या प्रत्येक गावात लोक हात जोडून उभे असायचे. एका गावी गेलो, गावाचं नाव लिहीत नाही आणि आडनावही बदलून लिहितो. घर ढोक्यांचं. ‘शोक शस्त्र’ झालं, हवेत फैरी झाल्या, बिगुलवर ‘लास्ट पोस्ट’ वाजलं. तिरंगा उतरवून घडी केली आणि वडिलांच्या हातात दिली. सगळं नियमानं, कुठं चूक नाही. पुढं वर्षभरानं गावानं वेशीवर पाटी लावली आणि मला बोलावलं. पाटी एका माहितीपत्रावरून रंगवली होती. ते इंग्रजीत होतं, त्याचं हिंदी कुणीतरी केलं, हिंदीचं मराठी रंगाऱ्यानं. पाटीवर लिहिलं होतं, ‘वीर जवान … धोके’.

भाषणं झाली, हार झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही किंवा आलं तरी कुणी बोललं नाही. संध्याकाळी मंडप उतरताना त्याची मोठी बहीण आली. हातात ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश. मला म्हणाली, “भाऊ, स्टूल धरून ठेवा जरा.” मी स्टूल धरलं. तिनं पांढऱ्या रंगानं तो ‘ध’ पुसला, फुंकर घालत थोडा वेळ उभी राहिली आणि त्यावर ‘ढ’ काढला. खाली उतरून एवढंच म्हणाली, “तो असता तं हासला असता. शाळेत मास्तर त्याले ‘ढ’ म्हणत.” त्या दिवसापासून मी कुठल्याही पाटीचं आधी आडनाव वाचतो.

आपल्या आडनावांचं हे नेहमीचं दुखणं आहे. हिंदी लिहिण्यात ‘ळ’ जातो, काळ्यांचे काले होतात. इंग्रजीतून येताना ‘ढ’चा ‘ध’ आणि ‘ठ’चा ‘थ’ होतो. सैन्याच्या कागदांत वडिलांचं नाव पुष्कळदा नावाला जोडून नसतं, आपल्याकडे त्याशिवाय नाव पुरं होत नाही. म्हणून तुमची पाटी करणाऱ्याला मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. त्याच्या आईला विचारा, शाळेचा दाखला पाहा, जन्मतारीख दाखल्यावरची घ्या, आणि कोरण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरांत काढून घरच्यांची सही घ्या. आईचं नाव घालायचं असेल तर जरूर घाला. २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आईचं नाव मधे येऊ लागलं आहे. तुमच्या पोराला तो नियम लागू नाही, पण पाटीवर कोण अडवतो?

हुद्दाही नीट लिहा. ‘शिपाई’ लिहू नका, नागपुरात शिपाई म्हटलं की लोकांना कार्यालयातला माणूस आठवतो. पायदळात साधारण ‘सिपाही’ असतो, पण प्रत्येकाचा शब्द वेगळा आहे. आमच्याकडे गार्ड्समन. ग्रेनेडियर्समध्ये ग्रेनेडियर, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, गाड्या-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या ईएमईत क्राफ्ट्समन, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये सवार. त्या पोरानं हा शब्द मिळवण्यासाठी वर्षभर माती खाल्लेली असते. सरसकट ‘जवान’ लिहिलं की ते पुसलं जातं. दिल्लीला राष्ट्रीय समर स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला झालं. तिथल्या त्याग चक्राच्या भिंतींवर उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती, प्रत्येक नावाबरोबर हुद्दा आणि पलटण. तुमच्या लेआउटमध्ये एकच नाव आहे. तेवढी काळजी घेता येईल.

तिरंग्यानं स्मारक झाकायचा विचार आजच सोडा. ध्वजसंहितेनुसार तिरंगा पुतळा किंवा स्मारक झाकायला वापरता येत नाही, आणि १९७१ च्या कायद्यानं तो राष्ट्रध्वजाचा अपमान ठरतो. त्यावर काही लिहिताही येत नाही, त्यामुळे कुणी त्याचं नाव झेंड्यावर छापून आणलं तर तेही परत पाठवा. तिरंगा बाजूला, स्वतंत्र, मानानं उभा करा. पाटीवर साधं पांढरं किंवा भगवं कापड चालेल. आईची साडी असेल तर त्याहून चांगलं काही नाही, एका गावात मी तसं पाहिलं आहे.

चौकातल्या पुतळ्याचं नाव काढू नका. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे आणि अशी बांधकामं करायला परवानगी देऊ नये, असं राज्यांना बजावलेलं आहे. बगीचा ज्यांच्या ताब्यात आहे, महापालिका असो की नागपूर सुधार प्रन्यास, त्यांची लेखी परवानगी घ्या. आणि खरं सांगू का, पुतळे बहुतेक त्या मुलासारखे होतच नाहीत. सगळ्यांना एकच मिशी आणि एकच रागीट चेहरा. आई समोर उभी राहून लेकाला शोधते आणि तिला तो सापडत नाही. काळा ग्रॅनाइट घ्या, अक्षरं कोरलेली घ्या. आपल्या उन्हात फ्लेक्स एका उन्हाळ्यात पांढरा पडतो, रंगवलेली अक्षरं तीन वर्षांत पुसतात. दगड बाकाच्या उंचीवर ठेवा, म्हणजे लहान पोर हात फिरवून वाचू शकेल. शेजारी कडुनिंब लावा, बाक सावलीत येऊ द्या.

अनावरण कुणाच्या हस्ते, ते तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगतो. आई-वडील आणि त्याची बायको. तुमच्या पत्रात त्याच्या बायकोचा उल्लेख नाही. ती माहेरी गेली असेल, सासरशी पटलं नसेल, कदाचित तिनं पुन्हा संसार मांडला असेल. तरी तिला जाऊन विचारा, बोलावणं घरी जाऊन द्या. यायचं की नाही ते ती ठरवेल. बावीस-चोवीस वर्षांच्या पोरीला पाटीवरून आणि आमंत्रणातून एकदम वगळून टाकणं मी फार ठिकाणी पाहिलं, आणि प्रत्येक ठिकाणी मला ते चुकीचं वाटलं. नगरसेवक, आमदार येऊ द्यात, समोर खुर्चीवर बसू द्यात.

पत्र दुसरं : काटोल तालुका

*मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी २६ जुलैला कारगिल विजय दिवसाला आम्ही घोषणा देत प्रभातफेरी काढतो आणि देशभक्तीची गाणी लावतो. मुलांच्या मनात काही राहतं असं वाटत नाही. काय करावं? — एक शिक्षिका*

बाई, फेरी काढा, गाणीही लावा, पोरांना आवडतात. पण त्याआधी एक तास फळ्यावर नकाशा काढा. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता दाखवा आणि त्याच्या बाजूचे डोंगर दाखवा. हिवाळ्यात जवान ज्या चौक्यांवरून खाली येत, तिथं १९९९ मध्ये घुसखोर येऊन बसले. वरून त्यांना खालचा रस्ता दिसत होता. तो रस्ता बंद झाला असता तर लडाख आणि सियाचीनचं रेशन तुटलं असतं. म्हणून आपल्या पोरांना खालून वर, सोळा-सतरा हजार फुटांवर, समोरून गोळीबार होत असताना चढावं लागलं. १३ जूनला तोलोलिंग घेतलं, ४ जुलैला टायगर हिल. आपले ५२७ गेले. मुलांना हे ‘का’ कळलं की घोषणेला आवाज वेगळा येतो.

आणि मुलांचे वडील कुठं काम करतात ते विचारा. अंबाझरी, भंडारा, भद्रावती इथल्या आयुध निर्माणींत आपल्या भागातले हजारो हात दारूगोळा बनवत आले. एखादं पोर उठून म्हणेल, “माझे आबा तिथं होते.” त्या आबांना शाळेत बोलवा. लढाईत सीमेवरचा एक आणि त्याच्या मागं किती, हे पोरांना घरातूनच कळेल.

आणखी एक काम. तुमच्या पंचक्रोशीतला कुणी जवान गेला असेल तर तो कुठल्यातरी शाळेत शिकलेला असणारच. त्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढा. जुनं, पिवळं, कोपरे खाल्लेलं असेल. त्यात त्याची ओळ सापडेल: नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. मुलांना ती ओळ वाचू द्या. ज्या रजिस्टरात आपलं नाव आहे त्याच रजिस्टरात चाळीस पानं मागं त्याचं आहे, हे पाहिलेलं पोर ते विसरत नाही. आणि नावाचं शुद्धलेखनही तिथंच सापडतं, मानेवाड्याच्या सचिवांनी हे वाचावं.

पत्र तिसरं : सदर, नागपूर

*मला मदत द्यायची आहे. पैसे कुठं द्यावेत, ज्यातून खरोखर पोचतील?*

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळतात. त्या निधीचं संकलन जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करतं. वर्षभरात केव्हाही तिथं देता येतात, पावती घ्या. वस्तीत डबा घेऊन फिरणाऱ्याला पावतीपुस्तक आणि ओळखपत्र विचारायला संकोच करू नका.

पत्र चौथं : हिंगणा रोड

*माझा मामेभाऊ गडचिरोलीत पोलिसात होता, नक्षल्यांच्या स्फोटात गेला. गावच्या स्मारकावर सैन्यातल्या दोघांची नावं आहेत. त्याचं नाव लिहायला काही लोकांनी हरकत घेतली, म्हणाले, तो सैनिक नव्हता. दिल्लीच्या स्मारकातही पोलिसांची नावं नाहीत असं ते सांगतात. हे बरोबर आहे का?*

दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक हे भूदल, नौदल आणि वायुदलाचं आहे, एवढं त्यांचं बरोबर. पण चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, २१ ऑक्टोबर २०१८ ला झालं. तारीख मुद्दाम निवडलेली होती. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंगजवळ चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले दहा पोलीस गेले. ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. त्या उंचीवर तेव्हा सैन्य नव्हतं, सीमा पोलीस सांभाळत होते. दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन असतो तो त्या दहा जणांमुळं. हे गावातल्या हरकत घेणाऱ्यांना वाचून दाखवा.

गडचिरोलीचं मला वेगळं सांगायला नको. ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीला सतरा पोलीस. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात शीघ्र कृती दलाचे पंधरा जण आणि त्यांच्या गाडीचा चालक. मला त्या चालकाचं फार वाटतं. त्याच्या अंगावर वर्दी नव्हती. पण सुरुंगानं वर्दी पाहिली नाही. गावाच्या दगडावर त्या चालकाचंही नाव यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या मामेभावाचं तर यायलाच हवं. दोन फौजींच्या खाली नको, तारखेनुसार. जो आधी गेला तो वर.

हे पत्र वाचल्यावर मी तुमच्या भागातल्या एका जुन्या फौजी मित्राशी बोललो. तो ग्रामसभेत तुमच्या बाजूनं उभं राहायला तयार आहे. सरपंचांना लेखी अर्ज द्या, तारीख ठरली की मला कळवा, मीही येतो.

पत्र पाचवं : नागपूर जिल्हा

*माझा धाकटा भाऊ काश्मीरमध्ये गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, कधी कुणाचा वाढदिवस, आईला सत्काराला बोलावतात. शाल, श्रीफळ, फोटो. तीन तीन तास उन्हात बसवतात, पाहुणे उशिरा येतात. आई एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेले आहेत. मागच्या वेळी ती गेली नाही तर लोक म्हणाले, पैसे मिळाले, आता माज आला. ती तेव्हापासून बोलत नाही. घरात चौदा शाली आहेत. मी आईला काय सांगू? — एक बहीण (नाव छापू नये)*

ताई, आईला सांगा, जायचं नाही. माझं नाव घेऊन सांगा, एका सुभेदारानं सांगितलं म्हणावं. वीरमाता म्हणून तिच्यावर कुठलंही कर्तव्य येत नाही. तिच्या लेकानं ते पुरं केलं आहे. बोलणाऱ्यांचं तोंड मला या पानावरून बंद करता येत नाही, पण त्यांनी हे वाचलं तर त्यांना कळावं की वाक्य त्यांचं आहे आणि ओझं त्या आईनं उचललं आहे.

आयोजकांसाठी दोन गोष्टी लिहितो, कारण ते वाईट लोक नसतात, कुणी सांगितलेलं नसतं. वीरमातेला, वीरपत्नीला बोलवायचं तर आधी घरी जाऊन विचारा, वेळ तिच्या सोयीची ठेवा, नेऊन परत आणून सोडायची गाडी द्या, आणि पाहुणे आले नाहीत तरी वेळेवर सुरू करा. तिचा सत्कार पहिला. मग ती उठून गेली तरी चालेल. शाल द्यायची हौस असेल तर आधी विचारा, घरात काय हवं आहे. एका वीरपित्यानं मला सांगितलं होतं, “साहेब, शालीच शाली आहेत, पण विहिरीवरची मोटर जळाली तं कोणी आलं नाही.” त्या गावच्या पोरांनी नंतर वर्गणी काढून मोटर बसवून दिली. मोटर सुरू झाली त्या दिवशी म्हाताऱ्यानं सगळ्यांना आपल्या हातानं गूळ वाटला. तेरावं झालं की घरी येणारी पावलं कमी होतात, पहिलं वर्षश्राद्ध झालं की फक्त मंडपवाले येतात. मधल्या मंगळवारी, शनिवारी कुणी येत नाही. मला वाटतं आपली उणीव नेमकी तिथं आहे.

ज्या घरी बहिणीनं ‘ढ’ काढला होता, त्या घरी मी दरवर्षी जातो. पहिल्या वर्षी काय बोलावं सुचत नव्हतं. ओसरीवर बसलो, चहा घेतला, पाऊस कसा आहे विचारलं आणि उठलो. दुसऱ्या वर्षी त्याच्या आईनं विचारलं, “साहेब, तुम्ही त्याले पाह्यलं होतं का?” मी खरं सांगितलं, जिवंतपणी पाहिलं नव्हतं, पेटीबरोबरच पहिली भेट. ती म्हणाली, “मग मी सांगतो तुम्हाले, तो कसा होता.” आणि दुपारभर सांगत होती. बैल कसा भ्यायचा त्याला, वडा-भातावर तेल किती ओतून घ्यायचा, भरतीच्या दिवशी चप्पल तुटली म्हणून अनवाणीच कसा धावला. तोपर्यंत तिला त्याच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. सगळे तिला त्याच्या मरणाबद्दल सांगत होते. आता ती नाही, बहीण आहे. वडा-भात ती करते, तेल तेवढंच ओतते.

ताई, तुमची आई बोलत नाही असं तुम्ही लिहिता. तिला कार्यक्रमाचं काही विचारू नका. तो लहानपणी कसा होता, ते विचारून पाहा. लगेच नाही बोलणार कदाचित. चार वेळा विचारा.

चौदा शालींचं म्हणाल तर आई हो म्हणाली तर हिवाळ्यात त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना देऊन टाका, हो म्हणाली तरच. तिला एकही ठेवायची नसेल तर नसो.

पत्रावर पत्ता आहे पण तुमच्या भावाची तारीख नाही. ती कळवा. आदल्या दिवशी फोन करीन. सकाळी सातच्या आत येतो, ऊन चढायच्या आधी. बरोबर कुणाला आणणार नाही, हारही आणणार नाही. आईला आवडत असेल तर पाव किलो गाठी आणि थोडी मोसंबी घेऊन येतो.